चितारणीचा उजवा हात

एका राज्यात सुरंगी नावाची चितारीण राहत होती. ती कुणाची चाकर नव्हती, कुणाची मिंधी नव्हती. ऋतू पालटला की ती नवे कापड रंगवी, चौकातल्या दोन खांबांना बांधी आणि सांगे, "लोकहो, या ऋतूला मी हे काढले आहे." मग सारे नगर तिथे लोटे. सोनार ती नक्षी दागिन्यांवर घडवीत, कोष्टी पदरात विणीत, बाया अंगणात रेखीत. सुरंगीचे कापड लागले म्हणजे ऋतू लागला, असे लोक म्हणत.

त्याच राज्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक होता. एके दिवशी तो सुरंगीच्या दारी आला.

"तुझ्या प्रत्येक नक्षीत माझी मुद्रा काढ," तो म्हणाला. "ती ज्याच्या अंगावर चढेल, तो माझा दास होईल."

"लोक माझी नक्षी विश्वासाने नेसतात," सुरंगी म्हणाली. "हे माझ्याने होणार नाही."

मांत्रिकाने तिच्या उजव्या हातावर चिमूटभर राख फुंकली. "मग या हाताने जे काढशील, ते जगातून उठेल आणि तुझ्या कापडात जाऊन बसेल."

सुरंगीला ते खरे वाटले नाही. वसंत आला. तिने पळसाची फुले काढून कापड चौकात बांधले. लोक वाहवा करीत होते, इतक्यात वेशीकडून एक लाकूडतोड्या धावत आला. "पळसाला एक फूल उरले नाही! काल रान पेटल्यासारखे दिसत होते, आज नुसत्या काड्या!"

कापडावरची फुले मात्र वाऱ्याने हलत होती. सुरंगीने कापड गुंडाळले, घरी गेली आणि कुंचले उतरंडीमागे टाकून दिले.

ग्रीष्म लागला. चौकातले खांब रिकामेच राहिले. लोक विचारीत, "या ऋतूला काय, सुरंगी?" ती म्हणे, "बरे वाटत नाही." उजवा हात ती फडक्यात बांधून ठेवी. भाकरी डाव्या हाताने थापी. धुळीत बोट टेकले आणि रेघ उमटली, तर ती कशासारखी दिसेल, या विचाराने तिची झोप उडाली.

धूम्रकेशाने शापाची बातमी राजाच्या कानी घातली. राजा शूरपाल दुष्ट नव्हता, पण भित्रा होता. शेजारच्या राजाचा डोंगरावरचा कातळगड त्याच्या डोळ्यांत सलत असे. त्याने सुरंगीला बोलावले. सिंहासनाजवळ धूम्रकेश उभा होता.

"कातळगड काढ," राजा म्हणाला.

"महाराज, माझी धाकटी बहीण बकुळा त्या गडावर दिली आहे."

"नुसते दगड काढ. माणसाच्या केसालाही धक्का नको. नाही काढलास, तर तुझ्या हातांत बेड्या पडतील."

सुरंगीने भीत भीत तट काढला, बुरूज काढले, कुठेही माणूस येऊ दिला नाही. शेवटची रेघ जुळली आणि डोंगरमाथा बोडका झाला.

गडावरची माणसे उन्हात उघड्यावर पडली. आसरा शोधीत ती डोंगर उतरू लागली. राजाने गच्चीवरून धूळ पाहिली आणि तो पांढराफटक पडला.

"चालून आले! त्यांचे घोडे काढ."

सुरंगीने घोडे काढले. तिकडे स्वार धडाधड जमिनीवर आदळले, हातांत रिकामे लगाम राहिले. तरी धूळ थांबली नाही.

"आता माणसे काढ," राजा म्हणाला. त्याचे ओठ सुकले होते. "सूर्य कलण्याआधी."

सुरंगीने गच्चीवर कापड पसरले. कठड्यावर एक धनेश पक्षी बसला होता.

"धनेशा, तू उंचावरून पाहतोस," ती म्हणाली. "त्यांच्या हातांत काय आहे?"

"मडकी, अंथरुणे, पोरे," धनेश म्हणाला. "तुझ्या बहिणीच्या डोक्यावर पाळणा आहे."

सुरंगी राजाकडे वळली. "महाराज, ऐकलेत? ते पाळणे घेऊन येताहेत."

"पाळण्यात तलवारी असतील!" राजा ओरडला. "काढ!"

सुरंगीने हळूच पक्ष्याला विचारले, "शाप कशाने मोडेल?"

"शाप तुझ्या हातात आहे. हात जगात आहे, तोवर शाप जगात आहे."

"मी हातच काढला तर?"

"शाप त्याच्याबरोबर जाईल. हिरावलेले सारे परत येईल. आपण होऊन दिलेले परत येत नाही."

सुरंगीने हाताकडे पाहिले. नखांत नीळ होती, मधल्या बोटाला कुंचल्याचा घट्टा होता. हा गेला तर आपण कोण उरणार, असे तिच्या मनात आले. सूर्य कलू लागला. तिने मनगट काढले, तळवा काढला, एकेक बोट काढले. अंगठ्याची रेघ पुरी झाली आणि कुंचला खाली पडला, कारण त्याला धरायला काही उरले नव्हते. रक्त आले नाही.

डोंगरावर कातळगड उभा राहिला. घोडे आपापल्या धन्यांजवळ खिंकाळले. भर ग्रीष्मात पळस फुलले. शाप मोडताच धूम्रकेशाची सावली विरून गेली. सावली नसलेल्याचा मंत्र चालत नाही. तो मुकाट्याने जिना उतरला आणि राज्याबाहेर गेला.

धूळ वेशीपाशी आली. राजाला पाळणा दिसला आणि पाळण्यातले मूलही दिसले. तो स्वतः खाली गेला, दार उघडले आणि म्हणाला, "आधी पाणी प्या. मी चुकलो."

बकुळा गच्चीवर धावत आली. "अक्का, तुझा हात!"

"तुम्ही आलात ना सगळे," सुरंगी म्हणाली आणि मग तिला रडू फुटले.

दोन्ही राजांनी तह केला. शरद आला, तेव्हा सुरंगीने डाव्या हाताने एक वेल काढली. रेघा थरथरत होत्या. तिने दातांनी गाठ ओढून कापड बांधले, नवी नक्षी आहे म्हणून सांगितले आणि मान खाली घातली. एक म्हातारी कोष्टीण पुढे झाली.

"ही वेल कुठल्या रानातली गं?"

"कुठल्याच नाही, मावशी. हात हलला तशी आली."

कोष्टिणीने ती वेल पुन्हा पुन्हा न्याहाळली. "वाकडी आहे," ती म्हणाली. "पण जिवंत आहे. मागावर घेते."

त्या शरदात सारे राज्य ती वेल नेसले. सुरंगीचा घोर जसा फिटला, तसा ऐकणाऱ्यांचाही फिटो.