तिरकी पाती

मी गुण्या काळूराम लोहार, वय वर्षे एक्क्याऐंशी. काटकोन तपासणे हे माझे, म्हणजे लोखंडी गुण्याचे, काम. ज्या वर्तमानपत्रात मला गुंडाळून ठेवीत, त्यावरूनच मी वाचायला शिकलो.

माझ्या बालपणी हत्यारांचीही शाळा भरत असे. एकदा ऐरणबाईंनी आमच्या गटाला पत्र्याची पवनचक्की करायला सांगितले. "घंटेपर्यंत फिरली नाही, तर हा पत्रा भंगारात जाईल," असे त्यांनी बजावले. पत्रा थरथरू लागला.

कात्रीने पाती कापली आणि मी ती काटेकोर सरळ बसवली. वारा आला, गेला. चक्की हलली नाही.

"माझ्या मापात चूक नाही," मी म्हणालो.

"नसेलच हो, पंडित! पण फिरत नाही त्याचं काय?" कात्री म्हणाली.

"मी पाती जराशी पिरगळू?" पक्कडीने भीतभीत विचारले.

"तिरकी? मुळीच नाही!"

तेव्हा पत्रा म्हणाला, "गुण्या, पिरगळू दे तिला. सगळी सारखीच तिरकी झाली का, ते तू बघ. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

मी प्रत्येक पाते माझ्या भुजेला लावून पाहिले. घंटेआधी चक्की फिरली आणि पत्रा खळखळून हसला.

त्या तिघांचा मी आजन्म कृतज्ञ आहे. त्या दिवसापासून मी वर्तमानपत्रात वेगळा न राहता सर्वांच्या पेटीत राहतो. वाचन तेवढे कमी झाले आहे.