छप्पर होईपर्यंत

फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात ख्रिस्ती मंडळींचे एक दगडी चर्च होते. गावकरी त्याला देऊळच म्हणत.

त्या देवळात एक जुनी रीत होती. लोक चटयांवर बसत आणि प्रत्येक घराची जागा ठरलेली असे. रविवारची उपासना संपली, आशीर्वाद झाला, तरी कोणी लगेच उठत नसे. पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू, विचारत, "आज कोणाची जागा रिकामी आहे?" मग शेजारी बसणाऱ्याने भाकरी बांधून त्या घरी जायचे. ताप असेल तर काढा करून द्यायचा, रुसवा असेल तर समजूत घालायची. त्यामुळे गावात आजारी माणूस कधी एकटा पडत नसे.

एका वैशाखात मोठे वादळ झाले. देवळाचे आढे मोडले आणि सगळे छप्पर खाली आले. नशीब, आत कोणी नव्हते.

पाळकसाहेब म्हणाले, "तोवर चिंचेखाली बसू या. सावली दाट आहे."

थोरले पंच शांतवनराव माणूस म्हणून वाईट नव्हते. देवळावर त्यांचा फार जीव होता. फक्त शेवटचा शब्द आपलाच असावा, एवढी त्यांची खोड होती. ते म्हणाले, "झाडाखाली बसायला आपण काय मेंढपाळ आहोत? आधी छप्पर, मग उपासना. देवाच्या घराची काही शान राखाल की नाही?"

तारणाऱ्या प्रभूच्या जन्माची बातमी सर्वांआधी मेंढपाळांनाच कळली होती, हे शांतवनरावांना तोंडपाठ होते. पण तोंडपाठ असलेले सगळेच मनात उतरते असे नाही. पाळकसाहेबांना ते सुचले होते, तरी ते गप्प बसले. मोठ्या माणसापुढे कशाला बोला, असे त्यांना वाटले.

रविवारची उपासना थांबली आणि गाव कामाला लागले. पुरुषांनी लाकडे वाहिली, बायकांनी पाणी भरले. छप्पर पूर्वीपेक्षा उंच झाले, दाराला नवे कुलूप आले. पण दिवस मावळला की जो तो आपल्या घरी. जे कामावर येत त्यांचीच तोंडे एकमेकांना दिसत. जो येत नसे त्याच्या घरी कोणी जात नसे. उलट लोक म्हणत, "आळशी मेला, काम चुकवतो."

गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे, शलोमीबाई नावाची विधवा राहत असे. तिला पुढेमागे कोणी नव्हते. देवळातल्या चटया तीच विणत असे, आणि नव्या देवळासाठीही तिलाच सांगितले होते. बरेच दिवस ती दिसली नाही. सगळ्यांना वाटले, विणत बसली असेल.

देवळाच्या समर्पणाचा दिवस ठरला. बिशपसाहेब येणार होते. तोरणे लागली, गाव नवे कपडे घालून जमले आणि तेव्हा लक्षात आले की चटया आल्याच नाहीत. देवळाची किल्ली खिशात टाकून शांतवनराव तणतणत ओढ्यापलीकडे गेले.

झोपडीचे दार ढकलले तर चूल थंड होती. चटया एकावर एक नीट रचलेल्या होत्या. शेवटची अर्धवट विणलेली होती आणि तिच्याच कडेला शलोमीबाई पडली होती. अंग तापाने फणफणले होते.

"सलाम पंच," ती क्षीण आवाजात म्हणाली. "चटया झाल्यात. एकच राहिली बघा."

"चटया राहू देत, बाई! कधीपासून पडलीस? कळवलं का नाहीस?"

"कुणाच्या हाती कळवू? मला वाटलं, छप्पर झालं की रविवारी माझी जागा रिकामी दिसेल आणि कुणीतरी येईलच. म्हणून रविवारची वाट बघत राहिले."

शांतवनराव तिच्याशेजारी खाली बसले. त्यांनी तिला पाणी पाजले. तेवढ्यात दुरून घंटा वाजू लागली. बिशपसाहेब आले होते.

आधी सोहळा उरकावा आणि मग माणसे घेऊन यावे, असे त्यांच्या मनात आले. तासाभराचा तर प्रश्न! पण शलोमीबाईने त्यांचे बोट धरले होते. त्या पकडीत तान्ह्या पोराएवढाही जोर नव्हता. सोडवायला काहीच लागले नसते, आणि म्हणूनच त्यांना ते सोडवता आले नाही.

ओढ्यावर एक बाई पाणी भरत होती. त्यांनी बसल्या जागेवरूनच उघड्या दारातून तिला हाक मारली. "देवळाकडे जा. वैद्यांना पुढं पाठव आणि बाकी सगळ्यांना घेऊन ये. म्हणावं, उपासना इथं आहे."

"आणि बिशपसाहेब?"

"त्यांनाही इथंच आण."

नव्या कपड्यांनी चिखल तुडवत सगळे गाव आले. वैद्यांनी नाडी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. एकीने चूल पेटवून पेज केली, दुसरीने शलोमीबाईचे तोंड पुसले, तिसरी तिचे पाय चोळत बसली. जागा पुरेना, तेव्हा उरलेली माणसे अंगणात बसली.

ठेंगण्या दारातून वाकून बिशपसाहेब आत आले. शांतवनराव रडत म्हणाले, "साहेब, देऊळ बांधायच्या नादात मी मंडळी मोडली."

"मीही गप्प बसलो होतो," पाळकसाहेब म्हणाले.

बिशपसाहेबांनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते जमिनीवर बसले. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाची भाकर मोडली आणि पहिला तुकडा शलोमीबाईच्या ओठांना लावला. अंगणातल्या लोकांनी भजन धरले.

शलोमीबाईने डोळे उघडले. घरभर माणसे पाहून तिचा चेहरा उजळला. "एवढे सगळे आलात? आज रविवार आहे का?"

"होय, बाई," शांतवनराव म्हणाले.

खरे तर त्या दिवशी गुरुवार होता. पण कोणीही, अगदी बिशपसाहेबांनीही, ते दुरुस्त केले नाही. संध्याकाळ व्हायच्या आत शलोमीबाई देवाघरी गेली. ती जाताना तिचा हात शांतवनरावांच्या हातात होता.

तात्पर्य एवढेच, की देवळाला छप्पर नसले म्हणून उपासना थांबत नाही. माणसाने माणसाची विचारपूस सोडली की ती थांबते.