वाळकाचं बी

"म्हणजे आधी आपलं बी द्यायचं, मगच तुमचं मिळायचं?" व्यंकटराव देशमान्यांनी विचारलं.

"मंडळात यायचं तर एवढी एकच रीत आहे," दस्तगीरबाबा म्हणाले.

बाबा गावाबाहेरच्या तकियातले म्हातारे फकीर. जुन्या भाज्यांचं बी जपणारं मंडळ त्यांनीच उभं केलेलं. व्यंकटरावांना तिथला काळा घेवडा हवा होता. आई गेली त्या वर्षी घरातलं बी किडलं, आणि तिच्या हातच्या उसळीची चवही गेली ती गेलीच. आता ते बी फक्त बाबांच्या मडक्यात उरलं होतं.

व्यंकटरावांनी खिशातून वाळकाच्या, म्हणजे गावठी काकडीच्या, बियांची पुरचुंडी काढली. त्यांचं वाळूक दरवर्षी प्रदर्शनात पहिलं यायचं. तसं दुसऱ्या कुणाकडे होऊ नये, म्हणून या शहाण्या गृहस्थाने आदल्या दिवशी ते बी उकळत्या पाण्यातून काढून सावलीत वाळवलं होतं. दिसायला अगदी जसंच्या तसं.

बाबांनी पुरचुंडी सोडली. एक बी उचलून दाताखाली धरलं...

व्यंकटराव त्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

बाबा सावकाश चावत राहिले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"दादा, मी तर वाफासुद्धा करून ठेवलाय," शेजारी बसलेली मंडळातली शेवंताबाई व्यंकटरावांना म्हणाली. "लेक बाळंतपणाला आलीय. तिला वाळकाचे डोहाळे लागलेत." तिने पदर पुढे केला.

"थांब, शेवंता," बाबा म्हणाले. पुरचुंडी पुन्हा बांधून त्यांनी गुडघ्याजवळ ठेवली.

मग मडकं ओढलं आणि घेवड्याचं होतं नव्हतं तेवढं बी व्यंकटरावांच्या ओंजळीत ओतलं. काळेभोर, तुकतुकीत दाणे.

व्यंकटरावांना आनंद व्हायला हवा होता. पण सगळंच्या सगळं कसं दिलं यांनी? ओळख ना पाळख... एक दाणा त्यांनी चिमटीत धरून उजेडात पाहिला. नुसतं बघून काही समजत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"बाबा..."

"बोला."

"हे बी... उगवेल ना?"

शेवंताबाईला हसू आलं. "अहो, बाबांच्या बियाबद्दल असं कुणी विचारतं का?"

बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी गुडघ्याजवळची पुरचुंडी उचलली आणि व्यंकटरावांच्या ओंजळीत, त्या काळ्या दाण्यांवर ठेवली.

"हे शेवंताला तुमच्या हातानं द्या," ते म्हणाले. "तीही तुम्हाला हेच विचारील. तुम्ही तिला जे सांगाल, तेच माझं उत्तर."