ट्रॅक्टर थांबतो का?

डोंगरउतारावरच्या एका शेतात एक अस्वल आणि एक टिटवी राहत. शेत अस्वलाचे, पण टिटवी दर उन्हाळ्यात तिथेच, उघड्या ढेकळांत, आपली चार अंडी घालत असे. टिटवी फार घाबरट. पान हलले की ओरडे, ढग सरकला की ओरडे, कधी कधी तर स्वतःच्याच सावलीवर ओरडे. शेजारच्या शेतातले रानडुक्कर तिला "भोंगा" म्हणायचे. अस्वल मात्र तिला कधी हसले नाही. ते खांद्याला दोर बांधून स्वतःच नांगर ओढायचे, आणि अंड्यांपाशी आले की थांबायचे, नांगर उचलायचे आणि लांबून वळसा घालायचे. सगळ्या काळ्याभोर नांगरटीत तेवढा एक तुकडा दरवर्षी तसाच सुटलेला असे.

यंदा मात्र अस्वलाचा खांदा दुखू लागला. इतका, की झाडावरच्या पोळ्यापर्यंत हात पोचेना. म्हणून त्याने साठवलेला मध विकला आणि मोबाइलवर जुन्या ट्रॅक्टरांचा लिलाव शोधून काढला. लिलाव कोल्ह्याचा होता. लालभडक ट्रॅक्टर, नवे टायर, आणि व्हिडिओत तो धूळ उडवत असा काही धावत होता की अस्वल बघतच राहिले. लिलाव पाच वाजता बंद होणार होता. तोवर ज्याची बोली सगळ्यांत मोठी, ट्रॅक्टर त्याचा. पाचला दहा मिनिटे असताना अस्वल बोली लावायला बोट टेकवणार, तोच टिटवी ओरडली.

"आता काय झालं गं?"

"काही नाही. म्हणजे... दादा, हा थांबतो का?"

"कोण?"

"ट्रॅक्टर. सगळ्या व्हिडिओंत नुसता पळतोय. थांबताना कुठेच दाखवलेला नाही. तू माझ्या अंड्यांपाशी थांबतोस. हा थांबेल का?"

बांधावरून रानडुक्कर खो खो हसले. त्याच्याही हातात मोबाइल होता आणि त्याच ट्रॅक्टरवर त्यानेही बोली लावली होती. "अरे अस्वल्या, ट्रॅक्टर घेतोयस की पाळणा? ओढतो किती, ते बघायचं असतं! आणि ऐकतोस कुणाचं, तर भोंग्याचं!"

अस्वलाने कोल्ह्याला फोन लावला. "अहो कोल्होबा, ट्रॅक्टर थांबतो ना नीट? ब्रेक कसे आहेत?"

"शेठ, चाळीस घोड्यांची ताकद आहे! दगडातून नांगर ओढेल."

"ओढेल हो. थांबतो का?"

"टायर बघा ना, टायर!"

"थांबतानाचा एक व्हिडिओ पाठवा की."

दोन मिनिटांनी व्हिडिओ आला. त्यात ट्रॅक्टर झाडाखाली उभा होता.

"हा तर आधीपासूनच उभा आहे," टिटवी हळूच म्हणाली.

अस्वलाने पुन्हा फोन केला, तर कोल्हा वैतागला. "नियम वाचा ना शेठ! 'जसा आहे, जिथे आहे' तसा विकतो आम्ही. घ्यायचा तर घ्या."

अस्वलाने मोबाइल पालथा ठेवला. पाच वाजले. ट्रॅक्टर रानडुकराला मिळाला.

दुसऱ्या दिवशी अस्वलाने पुन्हा नांगर ओढायला घेतला. दोन तास ओढले की बसायचे, खांदा चोळायचे, पुन्हा उठायचे. अंड्यांवर बसून टिटवी बघत होती. तिला रडूच आले. "दादा, माझ्यामुळे झालं हे. मी उगाच विचारलं."

"उगाच कसं? खांदा आज दुखेल, उद्या राहील. फुटलेलं अंडं मी कुठून जोडून आणू?"

तिसऱ्या दिवशी रानडुक्कर आपला लाल ट्रॅक्टर चालवत आले. पुढे जे झाले त्यात कोणालाही काही लागले नाही, हे मी आधीच सांगून टाकते. उतार लागला आणि रानडुकराने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर पळतोच आहे. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. तरी पळतोच आहे. कुंपण मोडून ट्रॅक्टर थेट उताराखालच्या तळ्यात शिरला आणि तिथल्या चिखलात रुतून बसला. रानडुकराने तिथूनच कोल्ह्याला फोन केला. कोल्ह्याचे आपले तेच, "'जसा आहे, जिथे आहे'..."

"जिथे आहे म्हणजे आता तळ्यात आहे!" रानडुक्कर ओरडले. मग चिखल निथळत बांधावर आले आणि खाली मान घालून म्हणाले, "टिटवीताई, एरवी एवढं ओरडतेस. तो प्रश्न तेवढा जरा मोठ्यानं विचारायचास ना गं."

त्यानंतर अस्वल प्रत्येक लिलावात पहिला प्रश्न तोच विचारू लागले. दोघा विकणाऱ्यांनी उत्तरच दिले नाही. तिसरे एक साळिंदर होते. ते म्हणाले, "थांबतो की. ब्रेकला नवे लायनर टाकलेत. पण आधीच सांगतो, एक दिवा लागत नाही आणि सीट फाटकी आहे. माझेच काटे, कुणाला बोलणार?" त्याने व्हिडिओही पाठवला. ट्रॅक्टर जोरात आला आणि वाटेत ठेवलेल्या टरबुजाच्या वीतभर अलीकडे गपकन थांबला. टिटवीने तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. मग म्हणाली, "दादा, लाव बोली."

या वेळी ट्रॅक्टर अस्वलालाच मिळाला. आठवड्याभरात तो घरी आला आणि नांगरट सुरू झाली. नांगरटीची एकेक ओळ संपवत ट्रॅक्टर अंड्यांकडे सरकू लागला. टिटवी पंख पसरून, डोळे गच्च मिटून अंड्यांवर बसली. आवाज जवळ आला. जमीन थरथरू लागली. आणि मग आवाज एकाच जागी राहिला. तिने एक डोळा उघडला. चाक दहा पावलांवर उभे होते आणि फाटक्या सीटवरून अस्वल वाकून बघत होते.

"थांबला गं," ते म्हणाले. त्याचाही श्वास आत्ता सुटला होता.

"हो, थांबला. पण दादा, जरा मागे घेतोस का? आवाजानं आतली पिल्लं दचकतात."

अस्वलाने ट्रॅक्टर मागे घेतला. "एवढा?"

"अजून थोडा."

त्याने अजून थोडा घेतला.

तात्पर्य : घाबरणाऱ्याला हसू नये, त्याच्या भीतीत एखादा खरा प्रश्न दडलेला असतो, तो नीट ऐकावा. आणि भीती आपल्याला वाटत असेल, तर तो प्रश्न न लाजता विचारून टाकावा.