वरून काढलेला ग्लास

“शंभरात पाच, चाचा! फक्त पाच. पण तेवढ्यानंच घात केला की नाही? तुम्हीच सांगा.”

कासमचाचा इंजिनाची नळी चाचपत राहिले. किनाऱ्यावर ओढून आणलेल्या फुटक्या होडीत ते इंजिनाशेजारी उकिडवे बसले होते.

“सांगा ना…”

भूषण चोगले हा चाचांचा सगळ्यांत हुशार चेला. बंदरावरच्या होड्यांची इंजिनं चाचांनी चाळीस वर्षं सांभाळली, आणि गेल्या चार वर्षांत त्यातली निम्मी भूषणच्या हवाली केली. पोरगा डिप्लोमा झालेला. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, आणि हे दोन्ही त्याला स्वतःला पक्कं ठाऊक. नाक कायम वर.

आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मासेमारीची पावसाळी बंदी उठली, होड्या पाण्यात गेल्या आणि पहिल्याच फेरीला खाडीच्या तोंडाशी या होडीचं इंजिन बंद पडलं. लाटांनी तिला उचलून खडकावर आपटलं. चौघं पोहत आले. रोहिदास खलाशी तिसऱ्या दिवशी सापडला, तोही ओळखावा लागला हातातल्या कड्यावरून. काल त्याचं तेरावं झालं.

आज चार वाजता मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये सभा होती. इंजिन तयार करून दिलं होतं भूषणनं. तेव्हा काय विचारलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि बंदरावर कासमचाचांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. म्हणून स्वारी सकाळपासून त्यांच्या मागे लागली होती.

“बरं,” चाचा म्हणाले. “काय केलं त्या पाचांनी?”

भूषणला एवढंच हवं होतं.

“पंपावर पाटी लागलीय ना? डिझेलात पाच टक्के जैवडिझेल. म्हणजे बियांचंच तेल, प्रक्रिया केलेलं. ते ओलावा ओढतं, चाचा. साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त. होडी दोन महिने शाकारून ठेवलेली, टाकी अर्धी रिकामी, वर ही पावसाळी हवा. पाणी धरणारच. ते जाऊन बसतं बुडाला. त्या पाण्यात जंतू वाढतात, त्यांची बुळबुळीत साय होते. किनाऱ्यावर इंजिन लावून बघा, खणखणीत चालेल. पण लाटांवर टाकी घुसळली, की साय उठते, फिल्टरमध्ये जाऊन बसते… आणि खेळ खलास.”

शेवटचे दोन शब्द तोंडातून सवयीनं गेले. त्यानं जीभ चावली.

“बरोबर,” चाचा म्हणाले. “अगदी बरोबर.”

भूषणला हायसं वाटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

“हे कधी वाचलंस रे?”

“मागच्या वर्षीच. पाटी लागली तेव्हा.”

“म्हणजे पावसाळ्याआधी.”

“…हो.”

चाचांनी मान हलवली.

“मला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. माझ्या उस्तादांनी सांगितलं, होडी सोडायच्या आधी टाकीच्या बुडाचा नट उघड, ग्लासभर काढ, आणि जो समुद्रात जाणार त्याच्या हातात दे. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नुसता उघडत आलो.”

त्यांनी पाना पुढे केला.

“उघड.”

भूषणनं पाना धरला, पण हात काही पुढे जाईना.

चाचाच वाकले. टाकीच्या बुडाशी त्यांनी नखानं खरवडलं. निळ्या रंगाची अखंड पापडी सुटून आली. टाकीवरून आणि नटावरून एकच ब्रश फिरला होता, आणि त्यानंतर तिथं पाना लागलेला नव्हता.

भूषण त्या पापडीकडे बघत राहिला…

“पूजेची सकाळ होती, चाचा. तांडेलांनी आदल्या दिवशीच आपली सगळी होडी रंगवलेली. म्हटलं, नवा रंग कशाला खरवडायचा… नाराज झाले असते.”

“मग ग्लास?”

“दिला. रोहिदासदादाच्या हातात दिला.”

“काढलास कुठून?”

“वरून. झाकण उघडून, नळी घालून.”

“त्यानं विचारलं नाही?”

“विचारलं.” भूषणचा आवाज फाटला. “‘खालचंच ना रे, इंजिनिअर?’ म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानं ग्लास उन्हात धरला. स्वच्छ होतं हो, चाचा! अगदी नितळ. हसला माझ्याकडे बघून, आणि चढला होडीत.”

एवढं बोलून तो तिथंच मटकन बसला. पंचविशीचा बाप्या, पण लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. त्याला लाज वाटत होती, आणि त्या लाजेला कुठं ठेवावं ते कळत नव्हतं.

चाचांनी त्याला रडू दिलं. पाना उचलून त्यांनी स्वतःच नट फिरवला. आधी पाणी आलं. मग काळपट, तारा सुटणारी साय, ओंजळभर. त्यांनी ती हातावर घेतली, बघितली आणि चिंध्यांना पुसून टाकली.

“सभेत काय सांगू, चाचा?”

“तू नकोच बोलू. मी बोलतो. डिझेलातल्या मिसळणीनं पाणी धरलं, सायीनं इंजिन गुदमरलं. यात खोटं काही नाही. बाकीच्या होड्यांचे नटही आजच उघडायला लावतो, माझ्यासमोर. तुझं नाव निघणार नाही.”

सकाळपासून भूषण याच शब्दांसाठी जीव टाकत होता. आता ते मिळाले, तर छातीवरचं ओझं तसूभर हललं नाही. उलट वाढलंच म्हणायचं.

“आणि मी?”

“तू तेवढ्यात रोहिदासच्या बायकोकडे, सुगंधाकडे जाऊन ये. पाहुणे सकाळीच गेले. रोहिदासची आई सभेला येणार आहे. सुगंधा घरात एकटीच असेल.”

“वहिनीकडे?” भूषणनं झटकन मान वर केली. “तिनं विचारलं तर… काय सांगू तिला?”

कासमचाचा होडीतून सावकाश खाली उतरले. वाळूत पाय रोवून उभे राहिले.

“ती काही विचारणार नाही, बाबा. तुला दारात बघून चहा ठेवील… तो पिता येतो का बघ.”