तीन चटयांवरची पाने

पूर्वी शंखपूर नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पोथ्या ओवणाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव तंतुक. नगरात तीन मठ होते आणि तिघांच्या तीन पोथ्या. दर आश्विनात तंतुकाने त्यांचे दोरे सोडायचे, ताडपत्रांना ऊन द्यायचे आणि पुन्हा ओवायचे. नियम कडक होता. परक्या मठाची पोथी जो वाचील, त्याने नगर सोडायचे.

तंतुकाला अक्षरे येत होती. पाने हाताळता हाताळता तो वाचत गेला, एकीतले दुसरीशी ताडून बघत गेला. कुठे जुळले की दिवसभर त्याचा चेहरा फुललेला असे.

"आज काय सापडलं?" बायको पुन्ना विचारी.

"मौज सापडली."

"ही मौज एक दिवस आपलं बिऱ्हाड उठवील, बघा!"

त्या वर्षी त्याला मोह झाला. पान पानाशेजारी ठेवून वाचावे म्हणून त्याने तिन्ही पोथ्या एकाच दिवशी, शेजारी शेजारी चटयांवर मांडल्या. दुपारी वावटळ उठली आणि सगळी पाने एकमेकांत मिसळली. पानांवर आकडे नव्हते, अक्षरही तिन्हींचे एकाच हातचे.

तिन्ही आचार्य धावत आले. "हे आमचं!" "तोंड बघा! आमचं आहे ते!" सुरुवातीची चार पाने सर्वांना पाठ होती, पुढची कोणालाच आठवेनात. राजाही आला.

तंतुक गप्प राहता तर दोष वाऱ्यावर गेला असता. पुन्नाने त्याचे उपरणे ओढले. "काही बोलू नका."

"पोथ्या मोडतील गं, पुन्ने," तो हळूच म्हणाला आणि पुढे झाला. "महाराज, मी लावतो. तिन्ही मी वाचल्यात. एकत्र मांडल्या त्याही वाचायलाच."

दिवस कलेपर्यंत त्याने पाने लावली. तीन उरली. तिन्हींवर एकच ओळ होती: तहानलेल्याला आधी पाणी द्यावे, मग त्याचे गाव विचारावे.

"यांतलं कुणाचं कोणतं, ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

सर्वांत वृद्ध आणि सर्वांत तापट आचार्य कोशिय यांनी एक पान वाचले, दुसरे वाचले, तिसरेही वाचले; बाकी दोघांनीही ती वाचली. मग ते मटकन खाली बसले. "चाळीस वर्षं यांच्या दारचं पाणी प्यायलो नाही मी!" म्हणाले आणि हसू लागले. शेजारच्या आचार्यांनी आपला कमंडलू पुढे केला. कोशिय घटाघटा प्याले.

"पण नियमाचं काय?" राजाने विचारले.

"काढा की बाहेर," कोशिय दाढी पुसत म्हणाले. "पण आधी आम्हाला. आज आम्हीही एकमेकांची पानं वाचलीत."

राजाला हसू आवरेना. पुन्ना तर पदराआड हसत होती आणि रडतही होती. पुढच्या आश्विनात तिन्ही चटया शेजारी शेजारीच पडल्या, आणि वाचायला चौघे बसले.

ही कथा सांगून भगवान शास्ते समोर वाद घालीत बसलेल्या तीन भिक्खूंना म्हणाले, "ते आचार्य तुम्हीच होता. रोज आपल्याला भिक्षा वाढणारी म्हातारी तेव्हा पुन्ना होती. तंतुक मी होतो." घर जाईल हे ठाऊक असूनही खरे बोलणे, यालाच सत्यपारमिता म्हणतात.