माळ्यावरची दावी

एकदा एक बाई होती, तिच्या हातून परका बैल चारा खायचा. एवढीच तिची कीर्ती. पण शेतकऱ्यांच्या मुलखात ती थोडी नव्हती. बाजारातून आणलेलं जनावर नव्या गोठ्यात उभं राहतं, कडब्याला तोंड लावत नाही, जुन्या घराच्या दिशेला मान करून हंबरत राहतं. चांगला धष्टपुष्ट बैल पंधरवड्यात हाडांवर येतो. अशा बैलाजवळ ही बाई जाऊन बसे. तळहातावर चारा चोळी, त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवी, हलक्या आवाजात काहीबाही बोलत राही. तिसऱ्या दिवशी बैल खायला लागे.

ही विद्या तिला एका वृद्ध पशुवैद्याने दिली होती. तिला सगळे त्याची शिष्या म्हणत, आणि ती त्याला आबा म्हणे. म्हातारा शहाणा होता, याबद्दल दुमत नाही. शहाण्या म्हाताऱ्यांत जे दोष असतात तेही त्याच्यात होते. ते यथावकाश येतीलच.

बाईचा नवरा बैलांचा व्यापारी. वर्षातून दोन-तीनदा बाहेरगावी जाई आणि गळ्यात आपल्या घरचं दावं घातलेला एक बैल घेऊन येई. नेहमी एकच, जोडी कधी नाही. बाई बैलाच्या पायावर पाणी घाली, कपाळाला कुंकू लावी आणि विचारी, "नाव काय हो याचं?"

"तूच ठेव की," नवरा म्हणे. "तुझ्यासारखं नाव कुणाला सुचतंय?"

तिला त्यात कौतुक वाटे. बैल रुळला की नवरा त्याची शिंगं तासून रंगवी आणि लांबच्या बाजारात विकून येई. बारा वर्षं असा सुखाचा संसार चालला होता.

त्या मुलखात एक रीत होती. बैल विकावा, पण त्याचं दावं विकू नये. घरची बाई आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून दाव्यात वळत असे, म्हणून दावं घराचं मानत. बैल दुसऱ्याच्या हाती देताना मालक त्याच्या गळ्यातलं दावं सोडवून घेई आणि घरी नेऊन खुंटीला टांगी. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. अन्नाला महाग असलेला माणूससुद्धा यात कसूर करत नसे.

एका दुपारी बाई जुनं सूप शोधायला माळ्यावर चढली. अडगळीच्या मागे एक पोतं होतं. तोंड सोडून पाहिलं तर आत दावी. हिरव्या काठाची, जांभळ्या काठाची, एकात कवड्या ओवलेल्या, एकाला घुंगरू. काहींना जनावराचे केस अजून चिकटलेले. समजायला फार अक्कल लागत नव्हती. विकत घेतलेल्या बैलाचं दावं विकणाऱ्याच्या घरी असतं. इथे सगळी तिच्या घरी होती.

नवरा अंगणात पाय धूत होता. तिने दावी त्याच्यापुढे टाकली.

"ही कुठली?"

"जिथली होती तिथे ठेव."

"कुठली ते विचारतेय मी."

नवऱ्याने शांतपणे पाय पुसले. "हे बघ, चोरलेला बैल महिनाभर हंबरत राहिला असता, तर मी पहिल्याच वर्षी धरला गेलो असतो. तू त्याला गप्प करायचीस. निम्मं काम तुझंच होतं. मी काय, नुसता बैल सोडून आणत होतो."

तो हे रागाने बोलला नाही. हाताखालच्या चांगल्या कारागिराला शाबासकी द्यावी तसा बोलला. बाईला तेच लागलं.

तिने एक दावं उचललं, डोक्यावर पदर घेतला आणि चौकीवर चालत गेली. नवऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. शेवटचा आणलेला बैल गोठ्यात सापडला, तो त्याच्या मालकाकडे गेला. फौजदाराने पुराव्यापुरती दोन-चार दावी नेली आणि म्हणाला, "बाकीचा कचरा तुम्हीच टाका."

मग गावातले वडीलधारे आले. ओसरीवर बसून पानसुपारी खाल्ली. एक म्हणाला, "घरातलं घरात निस्तरायचं असतं, सूनबाई." दुसरा म्हणाला, "नवऱ्याला चौकीवर देणारी बाई आमच्या काळी पाहिली नाही बुवा." त्यांच्या काळी बैल चोरीला जात नव्हते, असं मात्र कुणी म्हणालं नाही. कुणाकुणाचे बैल गेले, हेही कुणी विचारलं नाही. वयाबरोबर अक्कल वाढते, हा समज बहुधा वयस्कर माणसांनीच पसरवला असावा.

बाईने जनावराला हात लावायचं सोडलं. "या हातांनी चोरी पचवली," असं म्हणे आणि दुसऱ्यांच्या रानात भुईमूग उपटायला जाई. एकदा एक शेतकरी दाराशी येऊन बसला. त्याच्या बैलाने सहा दिवस काही खाल्लं नव्हतं. बाईने आतूनच नाही म्हणून सांगितलं. पुढे तो बैल मेल्याचं कानावर आलं. त्या दिवशी तिने पोतं खाली आणलं, अंगणात दाव्यांचा ढीग केला, वर रॉकेल ओतायला घेतलं. हे एकदा जळलं की सुटले, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात वृद्ध वैद्य अंगणात आला. त्याने तिच्या हातातली बाटली घेऊन बाजूला ठेवली. घराच्या दर्शनी भिंतीत, रस्त्याच्या बाजूला, खुंट्या ठोकायला सुरुवात केली आणि एकेक दावं झटकून त्यांवर अडकवू लागला. कवड्यांचं दावं हाती आलं तेव्हा मात्र तो जरा थबकला. मग तेही अडकवलं.

"आबा, हे काय चाललंय?"

"टांगतोय."

"रस्त्यावरून दिसतात ती."

"दिसायलाच पाहिजेत."

"माझी अब्रू हो."

"ती गेली पोरी. दावी राहिलीत."

म्हातारा काम उरकून निघून गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "थोडे दिवस थांब." शहाण्या माणसांची ही जुनी खोड. थांबायचं नेहमी दुसऱ्याने.

लोक वाट वाकडी करून भिंत पाहायला येऊ लागले. "दाव्यांचं दुकान काढलंय वाटतं," असं पाणवठ्यावर बोलून झालं. बाई मान खाली घालून भुईमुगाला जाई आणि येई.

आठव्या दिवशी तीन गावं ओलांडून एक म्हातारी आली. भिंतीपुढे उभी राहिली आणि तिने हिरव्या काठाच्या दाव्यावर हात ठेवला.

"हे माझ्या लुगड्याचं. भावाने घेतलं होतं. बैल कुठाय?"

"माहीत नाही. लांब कुठे विकला गेला." बाईने दाराच्या चौकटीला धरलं. "मावशी, तो हंबरत होता. मीच त्याला खायला लावलं. मला माहीत नव्हतं."

"खाल्लं त्याने?"

"तिसऱ्या दिवशी."

म्हातारी पायरीवर बसली. "चार वर्षं मला वाटत होतं, उपाशीच मेला असेल. माझ्याशिवाय कुणाच्या हातचं घ्यायचा नाही तो. घास घेताना दर वेळी हेच मनात." तिने पदराने डोळे पुसले. "पाणी दे गं जरा."

पाणी पिऊन झाल्यावर बाईने भीत भीत विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"पाखऱ्या."

"मी राजा म्हणायचे."

"राजा कसला? दिसेल तिथे पेंड चोरून खायचा, मेला." म्हातारी हसली आणि दावं खांद्यावर टाकून चालू लागली.

मग आणखी लोक आले. एकाने तोंडाला येईल ते सुनावलं. एक दारात थुंकला. एक नुसता उभा राहून परत गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. बाईने सगळ्यांना एकच विचारलं, "नाव काय होतं?" ज्याने त्याने ते सांगितलं आणि आपलं दावं तेवढं सोडवून नेलं. दुसऱ्याच्या दाव्याला कुणी हात लावला नाही.

भिंत अर्धी रिकामी झाली तेव्हा वैद्य पुन्हा आला. ओसरीवर बसून म्हणाला, "आता विचार."

"का टांगलीत?"

"तू ती जाळली असतीस, तर या मुलखात ज्याचा ज्याचा बैल कधी हरवला, त्या प्रत्येकाने आपलं दावं त्या राखेत पाहिलं असतं. सगळ्यात जास्त तू पाहिलं असतंस. राखेत माणूस जन्मभर शोधू शकतो. भिंतीवर मात्र जेवढी आहेत तेवढीच आहेत. तुझ्या हातून घडलं ते लहान की मोठं, मला ठाऊक नाही. पण ते मोजकं आहे, पोरी. जे मोजकं असतं ते संपतं."

अशा गोष्टींत इथे शिष्य गुरूच्या पायांवर डोकं ठेवतो. बाईने ठेवलं नाही. ती भिंतीकडे पाहत होती.

"आबा, कवड्यांचं दावं टांगताना तुम्ही थांबला होतात."

वैद्य आपला गुडघा चोळू लागला.

"ओळखीचं होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

म्हाताऱ्याने घसा साफ केला. "दोन वर्षांमागे एका पहाटे, तू उठायच्या आत, तुमच्या गोठ्यात नुकत्याच आणलेल्या बैलाचा खूर बघायला आलो होतो. त्याच्या गळ्यात ते दावं अजून होतं. त्या घरची गाय विताना अडली तेव्हा हा बैल मीच ओढून बाहेर काढला होता. लगेच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुझा संसार मोडेल."

"खरं सांगा."

अंगणात कोंबड्या टिपत होत्या. त्यांच्याकडे पाहत वैद्य म्हणाला, "गप्प बसलं की लोक शहाणा म्हणतात. मला ते आवडायचं. उगीच बोललो आणि खोटा ठरलो तर, असं भय वाटलं. तुझ्या संसाराचं मी मागाहून जोडलं."

"दोन वर्षांत किती बैल आले, आबा?"

बाई उठली, कवड्यांचं दावं खुंटीवरून काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

"ते तुम्हीच पोचवायचं. आणि जसं आता मला सांगितलंत, तसंच त्यांना सांगायचं."

ते गाव चार कोस होतं आणि म्हाताऱ्याचा एक गुडघा धड नव्हता. तरी त्याने दावं खांद्यावर घेतलं. बाईने फडक्यात भाकरी आणि कांदा बांधून दिला. तो दोन दिवसांनी लंगडत परतला. त्या लोकांनी काय म्हटलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर त्याला कुणी काही विचारलं की तो लगेच उत्तर देऊ लागला. त्याचं ओसरीवरचं भाषण उत्तम होतं, यात शंका नाही. पण शिष्येला ते पटलं, ते तो चालून आल्यावर.

सुगी संपता संपता तोच शेतकरी पुन्हा दाराशी आला. त्याने नवा बैल घेतला होता आणि तोही खात नव्हता. या वेळी बाई बाहेर आली.

"याचं जुनं नाव काय? आणि दावं कुठल्या घरी आहे?"

"आता ते कशाला? बैल चार दिवस उपाशी आहे."

"विचारून ये. त्याशिवाय हात लावणार नाही."

शेतकरी चरफडत सात कोस जाऊन आला. "बाजिंद्या," तो म्हणाला. "असलं नाव कुणी ठेवतं का?" बाई बैलाजवळ जाऊन बसली, हातावर चारा चोळला आणि त्याच्या कानाशी तेच नाव घेतलं. बैलाने कान टवकारले. दुसऱ्याच दिवशी त्याने चाऱ्याला तोंड लावलं.

वैद्य कुंपणापलीकडून पाहत होता. "मी हे शिकवलं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतंच."

"मला दाखवशील?"

"आत या," बाई म्हणाली, आणि त्याच्यासाठी पोतं अंथरलं.

भुईमूग उपटायचं सुटलं. तिची अट साऱ्या मुलखाला माहीत झाली, आणि पुढे तिथे निनावी बैल कुणी विकत घेईना. बाईने स्वतःसाठीही एक बैल घेतला. विकणाऱ्याने रीतीप्रमाणे आपलं दावं काढून घेतलं, नाव सांगितलं, आणि हिने आपल्या लुगड्याच्या काठाचं नवं दावं त्याच्या गळ्यात घातलं. तो तिच्या गोठ्यातला पहिला खरा बैल.

पाच वर्षांनी नवरा सुटून आला. पडत्या उन्हात अंगणात उभा राहिला. भिंतीवर सगळ्या खुंट्या रिकाम्या होत्या, फक्त एकीवर जांभळ्या काठाचं दावं होतं. ते न्यायला कुणी आलं नव्हतं.

"मी आत येऊ?" नवऱ्याने विचारलं.

बाईने ते दावं काढून त्याच्या हातात दिलं. "हे कुणाचं, ते एकट्या तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या दारात जाऊन देऊन या. मग बसून बोलू."

दावं घेऊन नवरा वळला आणि रस्त्याला लागला.

तो पुढे कुठे गेला, परत आला की नाही, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. बाई त्या संध्याकाळी वाट पाहत बसली नाही. तिने बैलाला नावाने हाक मारून वैरण घातली, एकटीपुरत्या दोन भाकरी थापल्या, लसणीची चटणी वाटली, आणि पोटभर जेवली.